गाण्याआधीचा गंधार

"ऑर्गन कोण वाजवतंय रे?"

मास्तरांनी विचारलेला हा प्रश्न गेली तीस-बत्तीस वर्षं माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सांगलीतल्या एका हौशी नाट्यमंडळात ते ऑर्गनची साथ करायचे. संगीत नाटकांचा बहर तोवर ओसरला होता, तरी वर्षाकाठी एखाद-दुसरा प्रयोग व्हायचा, आणि तालमीच्या खोलीत तो पायभात्याचा जुना ऑर्गन कापडाखाली झाकलेला असायचा. मी तेव्हा कॉलेजात होतो. मित्राने इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट भरून दिली होती. तिच्यातलं एक गाणं मास्तरांना ऐकवल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून एका संध्याकाळी टेपरेकॉर्डर काखोटीला मारून मी तालमीच्या खोलीत गेलो.

गाणं होतं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल', बँड 'प्रोकोल हॅरम', साल 1967. मास्तरांनी डोळे मिटले. गायकाने अजून तोंडही उघडलं नव्हतं, एवढ्यात त्यांनी तो प्रश्न विचारला. मी कॅसेटचा कागद उलटसुलट करून पाहिला. मित्राने बॉलपेनने गाण्याचं आणि बँडचं नाव तेवढं लिहिलं होतं.

गाणं संपल्यावर मास्तर ऑर्गनपाशी बसले आणि त्यांनी मला शेजारी बसवलं. हातपेटीवर डावा हात भात्यात अडकतो. ऑर्गनचा भाता पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे असतात. डाव्या हाताने त्यांनी खर्जातला सरळ अवरोह धरला: सा नि ध प म ग रे सा, मग पंचमावरून पुन्हा खाली. उजव्या हाताने वर एक लांब गंधार लावून धरला. खाली पावलं चालताहेत आणि वर तो एकच स्वर हलायचं नाव घेत नाही. मग तो सुटला आणि वळणं घेत खाली आला. दोन-तीनदा असं वाजवून झाल्यावर मास्तरांनी उजवा हात उचलला. "आता ऐक," म्हणाले. खालचा अवरोह एकटाच चालत राहिला. गोड होता, पण तो कोणत्याही गाण्याचा असू शकला असता.

पुढे त्या रेकॉर्डच्या मूळ लेबलचं छायाचित्र पाहायला मिळालं. गाण्याच्या नावाखाली दोनच नावं छापली होती: रीड आणि ब्रूकर. कीथ रीड गीतकार. गॅरी ब्रूकर संगीतकार. गायलाही तोच आणि पियानोही त्याचाच. ऑर्गनवाल्याचं नाव तिथे नव्हतं. ते तिथे यायला बेचाळीस वर्षं आणि तीन न्यायालयं लागली.

*

बँडची सुरुवात लंडनच्या पूर्वेला, थेम्स समुद्राला मिळते तिथल्या साउथएंड गावात झाली. 'द पॅरामाउंट्स' नावाची पोरांची टोळी अमेरिकी कृष्णवर्णीयांची ऱ्हिदम अँड ब्लूज गाणी वाजवायची. ब्रूकर पियानोवर, रॉबिन ट्रॉवर गिटारवर, बी. जे. विल्सन ड्रम्सवर. 1964 च्या जानेवारीत त्यांचं 'पॉयझन आयव्ही' ब्रिटिश तक्त्यात पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं आणि पुढे काही नाही. 1966 मध्ये टोळी फुटली. दुसऱ्यांची गाणी वाजवून ब्रूकर कंटाळला होता. त्याला स्वतःची करायची होती, पण शब्द सुचत नव्हते.

शब्द आणून दिले गाय स्टीव्हन्सने. लंडनच्या संगीतव्यवसायात या माणसाचा वावर विलक्षण होता. क्लबात रेकॉर्ड लावणारा, 'स्यू' या लेबलची ब्रिटनमधली शाखा चालवणारा, कुणाला कुणाशी जोडून द्यावं याची अचूक नजर असणारा. बारा-तेरा वर्षांनी 'द क्लॅश'चा 'लंडन कॉलिंग' हा अल्बम त्यानेच निर्माता म्हणून केला. 1966 मध्ये त्याच्याकडे कविता घेऊन येणारा एक तरुण होता, कीथ रीड. रीडचे वडील व्हिएन्नातले ज्यू वकील. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये नाझींनी ज्यूंवर हल्ले केले त्या काचाफोडीच्या रात्री त्यांना पकडून डाखाउच्या छळछावणीत टाकलं गेलं. सुटल्यावर ते इंग्लंडला पळून आले. रीडच्या शब्दांत जो एक गडद, भरकटलेला सूर आहे, तो त्याला घरातूनच मिळाला असावा असं मला वाटतं. स्टीव्हन्सने रीडची ब्रूकरशी गाठ घालून दिली आणि बँडला नावही सुचवलं. ते एका ओळखीच्या माणसाच्या बर्मी मांजराचं नाव होतं, तेही फोनवर ऐकताना बिघडलेलं. 'या सगळ्यापासून दूर' असा त्याचा लॅटिन अर्थ पुढे सांगितला गेला. व्याकरण चुकलेलं आहे, पण त्या वर्षाला तो अर्थ शोभला.

रीड वाद्य वाजवत नव्हता, मंचावर उभा राहत नव्हता, तरी तो बँडचा पूर्ण सभासद मानला गेला. हे मुद्दाम नोंदवतो, कारण कागदावर शब्द लिहिणाऱ्याला या बँडने पहिल्या दिवसापासून धनी मानलं होतं. आधीच बांधलेल्या चालीवर ऑर्गनचे स्वर लिहिणाऱ्याला मात्र नाही.

गाण्याचं नाव रीडला एका पार्टीत मिळालं. कुणीतरी एका बाईला तिचा चेहरा पांढराफटक पडलाय असं म्हणालं, आणि ते म्हणण्याची तऱ्हा त्याच्या कानात राहिली. त्यावरून त्याने चार कडवी लिहिली. रेकॉर्डवर त्यांतली दोनच आली. ब्रूकरने पियानोवर चाल बांधली. त्या दिवसांत इंग्लंडच्या दूरदर्शन संचांवर एका सिगारची जाहिरात लागायची आणि तिच्यामागे बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सुइटमधली 'एअर' ऐकू यायची, फ्रेंच पियानोवादक जॅक लूसिएच्या जॅझ ढंगात. तो उतरता खर्ज ब्रूकरच्या बोटांत शिरला. मास्तरांनी सांगलीत डाव्या हाताने वाजवला तो हाच.

*

आता एक तारीख. 7 मार्च 1967. त्या दिवशी ब्रूकर आणि रीड यांनी या गाण्याच्या शब्दांचे आणि संगीताचे सर्व हक्क 'एसेक्स म्युझिक' या प्रकाशनसंस्थेच्या नावे करून दिले. गीतकार-संगीतकारांनी प्रकाशकाला हक्क द्यायचे आणि वसुलीतला ठरलेला हिस्सा घ्यायचा, हा त्या धंद्यातला रोजचा व्यवहार. त्या कागदाला पुढे अतोनात महत्त्व आलं, कारण सही झाली त्या दिवशी बँडमध्ये ऑर्गनवादक नव्हताच.

मॅथ्यू फिशर काही दिवसांनी आला. तो दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातला, गिल्डहॉल संगीतविद्यालयात शिकलेला, आणि त्याच्याकडे स्वतःचा हॅमंड ऑर्गन होता. काम हवं म्हणून त्याने 'मेलडी मेकर' या संगीतविषयक साप्ताहिकात जाहिरात दिली होती. त्याचा जन्म 7 मार्च 1946 चा. म्हणजे ज्या दिवशी लंडनमध्ये त्या करारावर सह्या झाल्या, त्याच दिवशी तो एकवीस वर्षांचा झाला. निकालपत्रातली कराराची तारीख आणि त्याची जन्मतारीख शेजारी-शेजारी ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. योगायोगच आहे. पण त्यामुळे तो कागद माझ्यासाठी निर्जीव राहिला नाही.

त्याचं वाद्यही समजून घ्यायला हवं. लॉरेन्स हॅमंड या अमेरिकी संशोधकाने 1935 मध्ये हा ऑर्गन बाजारात आणला, चर्चमधल्या महागड्या पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून. यात भाता नाही, पितळी सूर नाहीत. आत दातेरी कडांची धातूची चाकं विजेच्या मोटारीवर फिरत असतात. प्रत्येक चाकाजवळ चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं असतं. चाकाचे दाते चुंबकासमोरून सरकले की तारेत विजेची लहर उठते आणि तीच स्वर होते. वर ओढायच्या नऊ दांड्या असतात. जी दांडी जितकी ओढाल तितका तो उपस्वर मूळ स्वरात मिसळतो. एकाच पट्टीवर बासरी, सनई किंवा भरदार घुमारा काढता येतो. हा आवाज 'लेस्ली' नावाच्या स्पीकरमधून बाहेर पडतो. त्यात भोंगा गोल फिरत असतो, त्यामुळे स्वर जवळ येतो, लांब जातो, थरथरतो. फिशरचा हॅमंड एम-102 हा बिऱ्हाडाच्या खोलीत मावेल असा धाकटा नमुना होता. त्यातून त्याने प्रार्थनास्थळातला आवाज काढला.

रेकॉर्डिंग लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत झालं. निर्माता डेनी कॉर्डेल. ड्रम्सवर बँडचा माणूस नव्हता. बिल आयडेन हा जॅझमधला अनुभवी वादक भाड्याने बोलावला होता, मानधन 15 पौंड 15 शिलिंग. रे रॉयर गिटारवर, डेव्ह नाइट्स बासवर. सुरुवातीला, कडव्यांच्या मध्ये आणि शेवटाकडे जी ऑर्गनची धून येते, ती फिशरने तालमींच्या काळात घरी बसून बांधली होती. ब्रूकरची स्वरसंगती त्याने तशीच ठेवली आणि तिच्यावर एक वेगळी, स्वतंत्र गाऊ शकेल अशी ओळ उभी केली. बाख त्याच्याही अभ्यासातला होता. पहिला लांब गंधार 'एअर'च्या पहिल्या स्वराची आठवण देतो, पण दोन-चार पावलं गेल्यावर ती धून बाखला सोडते आणि स्वतःच्या वाटेने चालू लागते.

*

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून चालणाऱ्या 'रेडिओ लंडन' या चोरट्या केंद्राने चाचणीची तबकडी लावली आणि श्रोत्यांची रीघ लागली. 12 मे 1967 ला 'डेरॅम' लेबलवर रेकॉर्ड आली. 8 जूनला ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि सहा आठवडे हलली नाही. अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' त्याच दिवसांतला, तरी जॉन लेनन आपल्या रंगवलेल्या रोल्स-रॉइसमध्ये प्रोकोल हॅरमची ही रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावायचा. धूर, आरसे, रंगीत कपडे आणि न उलगडणारे शब्द असलेल्या त्या उन्हाळ्याला प्रार्थनेचा सूर या ऑर्गनने दिला. 1977 च्या पहिल्या ब्रिट पुरस्कारांत मागच्या पंचवीस वर्षांतलं सर्वोत्तम ब्रिटिश गाणं म्हणून दोघांना विभागून मान मिळाला: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला आणि याला. 2009 मध्ये मागच्या 75 वर्षांत ब्रिटनमधल्या सार्वजनिक ठिकाणी सर्वाधिक वाजलेलं गाणं म्हणूनही याचंच नाव जाहीर झालं.

यशानंतर काही आठवड्यांतच रॉयर आणि नवा ड्रमर बॉबी हॅरिसन बाहेर पडले. ब्रूकरचे जुने सोबती ट्रॉवर आणि विल्सन आत आले. पहिल्या अल्बममध्ये शेवटी एक निव्वळ वाद्यसंगीताचा तुकडा आहे, 'रिपेंट वॉलपर्गिस'. त्याखाली नाव एकट्या फिशरचं. 1968 च्या 'शाइन ऑन ब्राइटली'मधली सतरा मिनिटांहून लांब मालिका 'इन हेल्ड 'ट्वॉज इन आय' ही रॉकमधल्या पहिल्या प्रदीर्घ रचनांपैकी एक. तिच्यावर ब्रूकर, फिशर आणि रीड अशी तिन्ही नावं आहेत. 1969 चा 'अ सॉल्टी डॉग' हा माझ्या मते त्यांचा सर्वांत सुंदर अल्बम, आणि त्याचा निर्माता फिशर. म्हणजे हा माणूस काय करू शकतो हे दोन वर्षांत बँडला पुरतं कळलं होतं. त्या अल्बमनंतर तो निघून गेला.

मागे राहिलेल्यांनी कॅनडातल्या एडमंटन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर 1971 मध्ये मैफल केली, तिचा अल्बम गाजला. 1977 मध्ये बँड थांबला. 1990 मध्ये विल्सन गेला. 1991 मध्ये ब्रूकर, रीड, ट्रॉवर आणि फिशर यांनी पुन्हा एकत्र येऊन अल्बम केला. मधल्या काळात फिशर संगणकाकडे वळला होता; नव्वदच्या दशकात त्याने केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राची पदवी घेतली आणि प्रोग्रामर झाला. तरी बँडबरोबर तो दौऱ्यांवर जात राहिला आणि दर रात्री तो गंधार लावत राहिला. 2004 मध्ये त्याने बँड कायमचा सोडला. 31 मे 2005 ला त्याने ब्रूकर आणि तेव्हाची प्रकाशनसंस्था 'ऑनवर्ड म्युझिक' यांच्यावर दावा लावला.

*

या दाव्याचे निकाल इंटरनेटवर वाचायला मिळतात हे कळल्यावर मी तिन्ही छापून घेतले आणि स्पायरल बाइंडिंग केलं. प्रोकोल हॅरमवर मी पुष्कळ वाचलं आहे. त्या सगळ्यात एका गाण्याकडे इतकं बारकाईने पाहणारं लिखाण मला दुसरं सापडलं नाही.

पहिला निकाल उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांचा, 20 डिसेंबर 2006 चा. प्रश्न वरकरणी साधा होता. 7 मार्चला हक्क दिलेलं गाणं आणि स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं गाणं ही एकच कृती आहे का? ब्रूकरची बाजू अशी: चाल माझी, स्वरसंगती माझी, बाखची कल्पना माझी, ऑर्गनवादकाने बँडमधल्या कोणत्याही वादकाने करावं ते काम केलं. फिशरची बाजू अशी: मी वाजवलं एवढंच नाही, मी काहीतरी नवं बांधलं. न्यायमूर्तींनी साक्षी ऐकल्या, संगीततज्ज्ञ ऐकले, धून बाखपासून कुठे निराळी होते ते तपासलं, आणि ठरवलं की ऑर्गनची धून ही या गाण्यातली ठळक आणि कौशल्याने घडवलेली भर आहे. ध्वनिमुद्रणातून उभी राहिलेली कृती ही आधीच्या गाण्याहून निराळी, आणि फिशर तिचा सहरचनाकार आहे. त्याने निम्मा वाटा मागितला होता. ब्रूकरचं काम अधिक आहे, ऑर्गनची धून त्याच्याच स्वरसंगतीवर उभी आहे, म्हणून संगीताच्या हक्कात फिशरला 40 टक्के. शब्दांचा निम्मा भाग रीडचा, तो तसाच राहिला. म्हणजे संपूर्ण गाण्याच्या उत्पन्नात फिशरचा हिस्सा एक पंचमांश. तोही दावा लावल्या दिवसापासून पुढचा. मागच्या 38 वर्षांचं काही नाही.

मी पुन्हा पुन्हा वाचतो तो भाग मात्र पैशांचा नाही. एवढी वर्षं गप्प का राहिलात, या प्रश्नाचा आहे. कलाकार म्हणून रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा फिशरला मिळत होता, रचनाकार म्हणून मिळत नव्हता. न्यायालयाने मानलं की सुरुवातीलाच त्याने ब्रूकर आणि रीड यांच्यापाशी हा विषय काढला होता आणि त्याला वाटेला लावण्यात आलं. त्याने रेटा लावला असता तर बहुधा त्याला बँडबाहेर जावं लागलं असतं. एकवीस वर्षांच्या मुलापुढे हे दोन पर्याय होते. एक, गाण्यावरचा हक्क सांगायचा आणि गाणं सोडायचं. दोन, गाणं वाजवत राहायचं आणि हक्काबद्दल बोलायचं नाही. त्याने दुसरा निवडला. त्याला भित्रा म्हणणारे लोक मला भेटले आहेत. पहिला पर्याय निवडलेले वादक त्यांनी किती पाहिले आहेत, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

2008 च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निराळाच निर्णय दिला. फिशर सहरचनाकार आहे हे कबूल, पण इतक्या उशिरा आल्यामुळे हक्कात आणि पैशात वाटा नाही. नाव घे आणि घरी जा, असा त्याचा अर्थ. ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. 30 जुलै 2009 ला पाचही न्यायाधीशांनी एकमताने फिशरच्या बाजूने निकाल दिला. लॉर्ड न्यूबर्गर यांचा युक्तिवाद वाचताना एखादी गाठ हळूहळू सुटताना पाहिल्यासारखं वाटतं. कॉपीराइटची मालकी सांगायला कायद्याने मुदत घातलेली नाही. निव्वळ विलंबाने हक्क मरत नाही. त्या विलंबामुळे समोरच्याचं काय बिघडलं ते दाखवावं लागतं. इथे बिघडलं काहीच नाही, उलट फिशरच्या मौनामुळे समोरच्यांनी 1967 पासून 2005 पर्यंतचं त्याच्या वाट्याचं उत्पन्न स्वतःकडे ठेवलं. बॅरोनेस हेल यांनी आपल्या छोट्या टिपणात, साठचं दशक आठवणाऱ्यांपैकी आपण एक आहोत आणि त्या अविस्मरणीय ऑर्गनच्या कर्त्याला अखेर मान्यता मिळाली याचा आनंद आहे, अशा आशयाचं लिहिलं आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायालय म्हणून शेवटचे निकाल दिले तो हाच दिवस. ऑक्टोबरपासून ते काम नव्या सुप्रीम कोर्टाकडे गेलं.

*

ब्रूकरला मी खलनायक मानत नाही. तो थोर गायक होता, आणि त्याच्या आवाजाविना ते गाणं उभं राहत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत तो गेला, पुढच्या वर्षी मार्चमध्ये रीडही गेला, आणि दोन्ही वेळा मी 'अ सॉल्टी डॉग' लावून बसलो. पहिल्या निकालानंतर ब्रूकरने बोलून दाखवलेली भीतीही खोटी नव्हती: कोणत्याही जुन्या रेकॉर्डवर वाजवलेला कोणताही वादक आता उठेल आणि वाटा मागेल. एक चाल बांधणारा आणि वीस जण तिला हातभार लावणारे असतील तर रेघ कुठे ओढायची?

इंग्लंडच्याच न्यायालयांनी ही रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढली आहे. 1999 मध्ये 'स्पँडॉ बॅले' या बँडच्या तिघा सभासदांनी त्यांची गाणी लिहिणाऱ्या गॅरी केम्पकडे वाटा मागितला आणि ते हरले. त्यांनी वाजवलं ते केम्पच्या गाण्यांचं सादरीकरण ठरलं, त्यात सॅक्सोफोनची सुटी धूनही आली. पुढे 'ब्लूबेल्स' बँडच्या 'यंग ॲट हार्ट'वर व्हायोलिन वाजवणारा, एका दिवसाच्या मानधनावर आलेला वादक बॉबी व्हॅलेंटिनो जिंकला. ते गाणं मोटारीच्या जाहिरातीमुळे 1993 मध्ये नव्याने गाजेपर्यंत तोही गप्प होता. त्याने वाजवलेला तुकडा काढून घेतला तर गाण्याची ओळख जाते, हे न्यायालयाला पटलं.

आपल्या संगीतात यासाठी दोन शब्द आहेत, साथ आणि रचना. साथ गायकाच्या मागून चालते, त्याच्या श्वासाची वाट पाहते, त्याने सोडलेली जागा भरून काढते. मास्तर आयुष्यभर साथ करत आले आणि त्यांना तिचा अभिमान होता. पण संगीत नाटकातला ऑर्गनवाला पदाआधी चार स्वर लावतो तेव्हा तो नटाला सूर देत असतो. ते पद त्याचं होत नाही आणि तो तसं म्हणतही नाही. फिशरची धून गायकाची वाट पाहत नाही. ती आधी येते, स्वतःचं बोलणं पुरं करते, मग गायकाला जागा देते आणि कडवं संपल्यावर परत येते. लोक ते गाणं गुणगुणतात तेव्हा शब्दांच्या आधी तीच त्यांच्या ओठांवर येते. न्यायालयांनी शेकडो परिच्छेदांत जे मांडलं, ते मास्तरांनी उजवा हात उचलून दाखवलं होतं.

हे निकाल वाचताना मला गोव्याची आठवण येते. मुंबईच्या सिनेसंगीताच्या सोनेरी काळात ऑर्केस्ट्रासाठी स्वरलिपी लिहिणारे, मुखड्याआधीचे आणि अंतऱ्यांमधले तुकडे सजवणारे कितीतरी संयोजक गोव्यातले होते. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि ज्यांचं नाव गुरुदक्षिणा म्हणून 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात आलं. गोन्साल्विस 2012 मध्ये गेले. त्याच वर्षी आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. चित्रपटाच्या गाण्यातला आपल्याला पाठ असलेला व्हायोलिनचा तुकडा कुणी लिहिला, हे मात्र रेकॉर्डच्या वेष्टनावर सहसा सापडत नाही. त्यातली किती साथ होती आणि किती रचना, हे विचारणारं कुणी आलं नाही. ज्यांनी सांगितलं असतं, त्यांतले बहुतेक आता नाहीत. 'काम मिळतंय ना, मग कशाला बोलायचं' हे क्रॉयडनच्या मुलाचं गणित त्या वादकांनीही केलं असणार, आणि त्यांच्याकडे तर 38 वर्षांनी दार ठोठावायला हाउस ऑफ लॉर्ड्स नव्हतं.

*

मास्तर 2001 मध्ये गेले. खटला सुरूही झाला नव्हता. मागच्या पावसाळ्यात सांगलीला गेलो तेव्हा तालमीची खोली उघडून घेतली. ऑर्गन आहे, कापडही बहुधा तेच. पायाला भाता जड लागला, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. मधला गंधार अजून बोलतो, थोडा कापऱ्या आवाजात. मी डाव्या हाताने सा नि ध प सुरू केलं, उजव्या हाताने तो लावला आणि भाता संपेपर्यंत धरून ठेवला.

आता गाण्याच्या नोंदीत तीन नावं आहेत, म्हणून उत्तर देता येतं. मास्तर, मॅथ्यू फिशर. वाजवतोय तोच, आणि बांधलंयही त्यानेच.